ऑपरेशन दीड महिन्यावर आणि ताटात दीड भाकरी

पत्र :

सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाईंचं (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) उजव्या गुडघ्याचं सांधा बदलण्याचं ऑपरेशन दीड महिन्यावर आलं आहे. वय ६६. आठ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मागे डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा, गुडघ्यावरचा भार हलका होईल. आत्यांनी ते फार मनावर घेतलं. पाच महिन्यांत ६२ किलोवरून ५४ वर आल्या. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी दीड भाकरी, भाजी आणि पातळ आमटी, रात्री नुसतं कपभर दूध. सोमवार, गुरुवार आणि एकादशी उपास. घरात वारी आहे, त्यामुळे एकादशी सुटणार नाही. हिमोग्लोबिन ९.८ आहे, तीन महिन्यांची शुगर ८.४. गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं दुखण्याच्या गोळ्या घेतात. मशेरीची सवय आहे. आत्या म्हणतात, ऑपरेशनला जाताना पोट जेवढं हलकं तेवढं बरं. शेजारी म्हणतात, बीट-डाळिंबाचा रस पाजा, रक्त वाढेल. आम्ही माळकरी, अंडंही चालत नाही. मी त्यांना काय खायला घालू?
– कराड तालुक्यातून एक सून

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलंत ‘काय खायला घालू’, पण पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ वजनाची आहे. पाच महिन्यांत आठ किलो. म्हणजे होत्या त्या वजनातले जवळजवळ तेरा टक्के गेले. घरात सगळ्यांना ही आत्यांची कमाई वाटत असणार, आणि मला कळतं की त्यांनी ती मोठ्या निग्रहाने मिळवली आहे. पण हे वजन कुठून गेलं, ते बघा. व्यायाम नाही, कारण गुडघा चालू देत नाही. ताटातलं जे उणं झालं ते प्रथिनांचं. अशा वेळी शरीर नुसती चरबी जाळत नाही, स्नायूही खातं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू, जो ऑपरेशननंतर त्यांना खुर्चीतून उठवणार आहे, तोच आत्ता झिजतो आहे.

सर्जन लोकांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली नावाच्या सर्जनने पोटातल्या व्रणाचं ऑपरेशन झालेल्या आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. ज्यांचं वजन आधीच वीस टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले ३३ टक्के दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण ३.५ टक्के होतं. तेव्हाची भूल वेगळी, औषधं वेगळी, आजार वेगळा. आत्यांना हा आकडा लागू करून घाबरू नका. पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे : ऑपरेशनआधी नकळत किंवा उपासमारीने गेलेलं वजन ही तयारी नसते. तीन ते सहा महिन्यांत पाच-दहा टक्के वजन गेलं, तरी आहारतज्ज्ञ कान टवकारतात. आत्यांचं त्याहून जास्त गेलंय.

आणि हे सगळं कमी खाण्यामुळेच गेलं, असंही धरून चालू नका. शुगर हाताबाहेर असली तरी वजन उतरतं. म्हणून पुढच्या खेपेला सर्जनना पहिलं वाक्य हेच सांगा : ‘पाच महिन्यांत आठ किलो कमी झालंय.’ त्यांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, पण ते असं उतरलं आहे हे त्यांना कदाचित माहीतच नसेल.

आता हिमोग्लोबिन. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आत्यांचं ९.८ आहे. गुडघा बदलताना आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत ते सहज दोनेक ग्रॅमने उतरतं, कधी त्याहूनही जास्त. मग रक्त चढवावं लागतं, चक्कर येते, आणि फिजिओथेरपीवाला उठवायला आला की माणूस ‘आज नको’ म्हणतो. त्यामुळे हे आधीच दुरुस्त व्हायला हवं. पण दुरुस्त करण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : ६६ वर्षांच्या बाईचं रक्त जातंय कुठे? पाळी जाऊन वर्षं झाली. दोन वर्षं दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत. या गोळ्यांनी जठराला व्रण पडतात आणि त्यातून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. बाहेर काही दिसत नाही. संडास काळी होते का, पोटात जळजळतं का, हे आत्यांना तुम्हीच विचारा. डॉक्टरांसमोर त्या सांगणार नाहीत. शरीरात लोहाचा साठा किती आहे आणि बी-१२ किती आहे, या दोन तपासण्या करून घ्या. बी-१२ शाकाहारी माणसांत एरवीही कमी असतं, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर आणखी कमी होतं. बी-१२ कमी निघालं तर ते पालेभाजीने भरून येत नाही. इंजेक्शन किंवा गोळीच लागते.

बीट आणि डाळिंब. ताई, शेजाऱ्यांची माया खरी आहे, पण रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. रस काढला की चोथा जातो आणि शुगर झटकन चढते. आत्यांनी डाळिंबाचे दाणे मूठभर खावेत, रस नको. गुळाचंही तेच. त्यात लोह असतं, पण लोह पुरेल इतका गूळ मधुमेहात खाता येत नाही. त्यापेक्षा राजगिऱ्याची किंवा मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, मटकी, चवळी, अळीव यांच्यावर भर द्या आणि वर लिंबू पिळा. पालेभाजी-कडधान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, आंबटपणा सोबत असला की ते जास्त शोषलं जातं. चहा नेमका उलटं करतो, म्हणून जेवणाआधी-नंतर तास-दीड तास चहा नको. लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा.

तरीही खरं सांगते, ९.८ वरून दीड महिन्यात नुसत्या आहाराने बारापर्यंत जाता येणार नाही. औषध लागेलच. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं, त्याबद्दल विचारा. गोळी चालू झाली की संडास काळपट होते, तेव्हा घाबरू नका. म्हणूनच रंगाची चौकशी गोळी सुरू व्हायच्या आधी करा, नंतर काही कळत नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी देऊ नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, ताटाकडे.

निरोगी माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ऑपरेशनच्या तयारीत असलेल्याला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, कारण ऑपरेशन झाल्या झाल्या शरीर जखम भरायला कच्चा माल शोधतं आणि तो ताटातून मिळाला नाही तर स्नायूतून काढतं. आत्यांच्या ५४ किलोला म्हणजे दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम. तुम्ही लिहिलेल्या दिवसाचा मी हिशेब केला : दीड भाकरीचे सात-आठ ग्रॅम, पातळ आमटीचे फार तर तीन, भाजीचे दोन, रात्रीच्या दुधाचे सहा-सात, चहा-बिस्किटांचे दोन-तीन. सगळं मिळून वीस ते तेवीस. उपासाच्या दिवशी साबुदाणा असेल तर याच्याही निम्मं, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. तो नुसता पिष्टाचा गोळा आहे. आठवड्यात दोन दिवस, एकादशीच्या आठवड्यात तीन दिवस असं चाललंय.

अंड्याशिवाय ६५ होतात का? होतात, आणि तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता आहे त्यातच होतात. फक्त न्याहारीपासून सुरुवात करावी लागेल, कारण सगळी प्रथिनं एकाच जेवणात कोंबून उपयोग नाही. स्नायूला ती दिवसभर वाटून लागतात. सकाळच्या बिस्किटांच्या जागी मुगाच्या डाळीची दोन धिरडी करा. पन्नास ग्रॅम डाळीचे बारा ग्रॅम होतात, सोबत दह्याचे तीन. दुपारी दीड भाकरी तशीच ठेवा, पण आमटी बदला. आमच्याकडे आमटी पातळ असावी अशी एक रीत आहे. चव उतरते, भाकरी भिजते, सगळं खरं, पण वाटीभर पातळ आमटीत डाळ चमचाभर असते. ऑपरेशन होईपर्यंत आत्यांच्या वाटीत खालचं घट्ट वरण वाढा, किंवा मोडाच्या मटकीची उसळ. तिचे सात. दह्याची वाटी चार, भाजीत शेंगदाण्याचं कूट घसघशीत, त्याचे दोन-तीन. भाकरी धरून दुपारचं जेवण वीस-बावीसवर जातं.

चार वाजता चहाबरोबर काही नको. त्याऐवजी पंढरपुरी डाळ्याचं पीठ दोन-तीन मोठे चमचे, ताकात कालवून, जिरं-मीठ घालून. मशेरीवाल्या बाईचे दात कसे असतात ते मला ठाऊक आहे. फुटाणे चावायला सांगितले तर त्या पदरात बांधून ठेवतील. पीठ घोटभर प्यायला सोपं जातं, सात ग्रॅम होतात आणि शुगरही सावकाश चढते. रात्रीचं जेवण बंद ठेवणं आता थांबायला हवं. एक भाकरी आणि पिठलं, साडेसात-आठपर्यंत. पिठलं म्हणजे गरिबाचं जेवण समजून आपण त्याला पाहुण्यांपुढे आणत नाही, पण वाटीभर घट्ट पिठल्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. कंटाळा आला तर सोयावडीचा रस्सा करा. पंचवीस ग्रॅम कोरड्या वडीचे बारा-तेरा ग्रॅम होतात, म्हणजे दोन अंड्यांइतके. झोपताना पेलाभर दूध, त्यात बिनसाखरेची दुधाची पावडर चमचाभर. बेरीज करून बघा, सत्तरच्या आसपास जाते.

हे सगळं पहिल्याच दिवशी वाढू नका. पाच महिने आकसलेलं पोट आहे, त्यांना फुगल्यासारखं होईल आणि त्या म्हणतील, बघ, मला सोसत नाही. पहिला आठवडा नुसती न्याहारी आणि रात्रीचं जेवण जमवा, मग वाट्या मोठ्या करा. आणि एक अट आहे : किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, बरोबर असेल तरच प्रथिनं इतकी वाढवा. मधुमेहात हे आधी विचारलेलं बरं.

प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणी ना कोणी घेऊन येईलच. डब्याच्या मागे बघा. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि साखर किती. ताकदीची म्हणून विकली जाणारी बरीच पेयं साखरच जास्त पाजतात.

शुगरचा मुद्दा आहेच. ८.४ सरासरी आहे, आणि बरेच सर्जन सांधा बदलताना ती साडेसात-आठच्या आत मागतात, कारण शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि कृत्रिम सांध्याभोवती जंतू बसले तर ते काढणं फार अवघड जातं. पण लोह कमी असलं की हा आकडा खोटाच थोडा वर दिसू शकतो. म्हणून घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासून वहीत लिहा, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आत्या जास्त जेवू लागल्या की गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागेल, तेही तेच ठरवतील. त्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव आहे का बघा. असेल तर ती ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायची असते, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. भूलतज्ज्ञांना नाव दाखवून विचाराच. काढे, अश्वगंधा, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल काही चालू असेल तर तेही सांगा, दोन आठवडे आधी बंद करायला लावतील. फोडणीतली हळद आणि लसूण खुशाल असू दे.

मशेरी. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिलीत, पण ती जाता जाता सोडण्यासारखी नाही. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. तुम्ही केलेलं धिरडं, वरण, दूध जखमेपर्यंत पोचवायचं काम त्या रक्तवाहिन्यांचंच आहे. शिवाय हिरड्यांत पू असेल तर ते जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. दातांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. मशेरी सुटायला किमान चार आठवडे मिळायला हवेत, म्हणजे सुरुवात आत्ताच. पहिले काही दिवस त्या चिडतील, संडास साफ होणार नाही, डोकं दुखेल. ओवा-बडीशेप भाजून डबीत भरून द्या. त्यांना रागावू नका.

आणि उपास. इथे मी तुमच्याशी नाही, आत्यांशी बोलते. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आत्या, तुमची एकादशी मोडा असं मी म्हणणार नाही. माझ्या आजीचीही होती. पण त्या दिवशी साबुदाणा आणि वरी बाजूला ठेवा. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी किंवा थालीपीठ, शेंगदाण्याची दाट आमटी, दही, रात्री दूध, एवढं उपासाला चालतंच, आणि अंगालाही लागतं. सोमवार आणि गुरुवार मात्र ऑपरेशन होऊन टाके निघेपर्यंत देवाकडे उधार ठेवा. नंतर फेडता येतील. तुम्हाला पुन्हा पंढरपूरला चालत जायचं आहे ना? मग आत्ता जेवणं हीच तुमची वारीची तयारी. आणि पोट हलकं असलेलं बरं, हे म्हणता ते अगदी बरोबर आहे, पण ते ऑपरेशनच्या दिवसापुरतं, त्याच्या आधीच्या दीड महिन्यासाठी नाही.

त्या दिवसाबद्दल थोडं, ताई. भूल देताना पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात. साधारण नियम असा : हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपातलं असेल तर आठ तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. ‘फक्त घोटभर चहा’ म्हणून दिलेला कप ऑपरेशन पुढे ढकलायला पुरतो. पण उलटी चूकही होते. माझ्या आईच्या वेळी एका दवाखान्यात रात्री दहापासून पाण्याचा थेंब नको म्हणून सांगितलं आणि नंबर लागला दुपारी तीनला. तिची जीभ टाळ्याला चिकटली होती, हात कापत होते. म्हणून आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना नेमकं विचारा : शेवटचं खाणं किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता, सकाळच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या. कागदावर लिहून घ्या. जुन्या मधुमेहात पोट सावकाश रिकामं होतं, तेव्हा आत्यांसाठी ते वेगळी वेळ सांगतील, तीच पाळायची. आणि शुगर आहे म्हणून सकाळी पहिला नंबर मिळेल का, हे विचारायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट मनात असू द्या. हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे. महिन्याभराने पुन्हा तपासलं आणि हिमोग्लोबिन किंवा शुगर हवी तिथे आली नसेल, तर सर्जन तारीख पुढे नेतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, सुट्ट्या आणि गाड्या ठरल्या असल्या तरी. तीन आठवडे उशीर परवडतो, चिघळलेला सांधा परवडत नाही.

ऑपरेशन झालं की घरी माणसं येतील आणि सांगतील : वरण देऊ नका, टाके पिकतील. भात देऊ नका, पू होईल. आंबट तर बिलकूल नको. यातलं काहीही खरं नाही. पू जंतूंनी होतो, तुरीच्या डाळीने नाही. आणि जखम विणायला प्रथिनं आणि आंबट फळातलं क जीवनसत्त्व, दोन्ही लागतात. नेमकी जी गोष्ट जखमेला हवी तीच आपण प्रेमापोटी ताटातून काढून घेतो, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता त्याचा मला राग येतो. आलेल्या माणसांना चहा द्या, त्यांचं ऐकून घ्या, आणि आत्यांच्या ताटात घट्ट वरण, लिंबाची फोड आणि शिजवलेली भाजी वाढा. दुखण्याच्या औषधांनी पोट बांधलं जातं, म्हणून पाणी आणि ताक जास्त. हेच ताट पुढे निदान सहा आठवडे चालू राहू दे.

तोवर रोज दोन वेळा खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम त्यांच्याकडून करवून घ्या, दहा-दहा वेळा, दुखेल तिथे थांबून. फिजिओथेरपिस्ट एकदा दाखवून देतील. नुसतं खाऊन स्नायू होत नाही. आणि दर रविवारी, एकाच काट्यावर, सकाळी वजन करा. ५४ वर टिकलं किंवा अर्धा-एक किलो वर गेलं तर आपलं बरोबर चाललंय. आणखी खाली गेलं तर रविवारचं सोमवारवर ढकलू नका, डॉक्टरांना फोन करा.

आज रात्री मुगाची डाळ भिजत घाला.